वरचा दगड आणि खालचा दगड

उस्ताद, तुम्ही असता तर आज मला विहिरीच्या काठावरूनच हाकलून दिलं असतं.

सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीच्या उंच काठावरच्या वस्तीत आम्ही विहीर खणतोय. जागा मीच दाखवली. घळीत उघड्या पडलेल्या वाळूदगडावर घासलेटाचा थेंब टाकला, तो दगडानं बघता बघता पिऊन टाकला. हा दगड पाणी देणार, असं सांगून मी मोकळा झालो. होळीपासून माणसं खपताहेत. आज खाली तोच थर लागला. ताज्या कपचीवर थेंब टाकला, तर तो अळूच्या पानावर बसावा तसा बसून राहिला.

हीच चूक मी तुमच्या अंगणात केली होती. ब्रह्मदेशातल्या तेलविहिरींवरून तुम्ही नुकतेच परतला होता. चुलीपाशी चाची मुरमुऱ्याचे लाडू वळताहेत, आणि मी दगडाच्या बाहेरच्या अंगावर थेंब टाकतोय. तुम्ही हातावर चापट मारलीत. "येडा शे का तू? वरलं तोंड पानीनी धोयेल शे. दगड फोड, मंग इचार!" मग लाडू उचलून समजावलंत: वाळूच्या दाण्यांत फटी आहेत तोवर तेलाला, पाण्याला जागा. वर मातीचं ओझं चढलं की दाणे दाबले जातात, जमिनीतलं पाणी चुना आणून फटींत भरतं, तो पाकासारखा थिजतो. पाक जास्त झाला तर मुंगीही आत शिरत नाही. बाहेरच्या तोंडाचा पाक तेवढा पाऊस धुऊन नेतो.

"मन्हा लाडूसले नावं ठेवू नका," चाची म्हणाल्या, "नहीते आज दगडच खा!"

हसत तुम्ही म्हणालात, कधी खोलवर आंबट पाणी तो चुना खातं आणि दगड पुन्हा मोकळा होतो. कुठे, ते फोडल्याशिवाय कळत नाही.

त्या शब्दाला मी आता लोंबकळतोय. विहिरीच्या वरच्या अंगाची माती ढासळायला लागलीय. खाली उतरणाऱ्या दोघा भावांनी विचारलं, "बाबा, पानी लागी का?" त्यांची म्हातारी आई माझ्या तोंडाकडे बघत होती. कुणी पाहायच्या आत मी थेंब अंगठ्यानं पुसला आणि म्हणालो, "आखो दोन हात." अजून दोन हात खणा, म्हणून.

सकाळी ते उतरायच्या आत मला तिथं जाऊन त्यांना थांबवायला हवं. हा कागद काही तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणून खरं लिहितो. थेंब पुसताना ते आंबट पाणी माझ्या मनातही नव्हतं, उस्ताद. ते घरी आल्यावर आठवलं. पुसताना नुसती लाज वाटली होती.