उसनी पोरं आणि पुरिंगबाईंची शाळा

कामान्सी बेट,
मे महिना, सकाळ

ती. सालुद मावशीस,

तेबानचा नमस्कार. तुझा हात इथूनच माझ्या कपाळाला टेकवलाय असं समज. गुडघा कसा आहे? पासिंग (माझी बायको, तुझ्या मते माझ्यापेक्षा शहाणी) तुझ्यासाठी सुकी मासळी पाठवतेय. तुझी जुळी नातवंडं, दिंदो आणि लिगाया, यंदा पहिलीत जाणार म्हणून लिहिलंस. तिकडे मनिलात पोरं इतकी झालीत की शाळा तीन पाळ्यांत भरते, पहिल्या पाळीच्या पोरांना काळोखात उठवून अंघोळ घालावी लागते, हेही वाचलं. वाचून मला रडू आलं गं. पोरांची दया येऊन नव्हे, हेव्याने! आमच्याकडे नेमकं उलटं झालंय.

आमची सरकारी शाळा तुला आठवत असेल, चर्चच्या मागची, दोन खोल्यांची. एका खोलीत पहिली ते तिसरी, दुसरीत चौथी ते सहावी. पुरिंगबाई (हो, तीच, लहानपणी तुझ्या आवारातल्या कैऱ्या पाडायची ती) मधल्या दारात उभी राहून दोन्ही खोल्या सांभाळते. आता यात होतं असं की ती तिसरीला शिकवत असताना पहिलीची पोरं कान टवकारून बसतात आणि तिसरीत जायच्या आधीच तिसरी शिकून मोकळी होतात. मागच्या वर्षी तालुक्याच्या वाचन परीक्षेत आमची शाळा पहिली आली. समोरच्या पोंतोद बेटावरच्या मोठ्या शाळेत संगणक आहेत, पंखे आहेत, ती कुठच्या कुठे मागे! तिसरीतल्या मायुमीने माझ्या होडीच्या इंजिनाचं पुस्तक वाचून सांगितलं की मी इतकी वर्षं त्यात भलतंच तेल ओततोय. माझी काय इभ्रत राहिली, सांग! पण पोरगी वाचते काय, ऐकत राहावं.

फक्त पोरंच उरली नाहीत. कोणी मनिलाला गेलं, कोणी सौदीला, आणि पोरं त्यांच्यामागे. अशात मार्चमध्ये, सुट्टी लागायच्या आधी, निरोप आला की तालुक्याचे साहेब शाळा बघायला येणार, पट कमी दिसला तर शाळा बंद करून पोरं पोंतोदच्या शाळेत घालणार. म्हणजे आपली पोरं रोज होडीने खाडी ओलांडणार. आणि खाडीत होडी कोणाची? माझी! आमचा गावप्रमुख, कपितान, तर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "तेबान, तुझी चांदी आहे लेका! रोजचं भाडं!" मावशी, मला असा संताप आला की त्याने पुढे केलेला ताडीचा पेलाही मी घेतला नाही. (दुसरा घेतला.) डिसेंबरात वारा फिरला की ती खाडी काय करते हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे? मोठ्या माणसांनाही मी तेव्हा दोनदा विचार करून होडीत घेतो. त्यात पहिलीतल्या बिबोयएवढी सहा वर्षांची पोरं? माझ्या होडीत? नाही म्हणजे नाही.

मग तोड काढली पासिंगने. सणाच्या जेवणाला आपण पोंतोदवरून खुर्च्या, पातेली, मिरवणुकीत चालायला माणसंसुद्धा आणतोच की. तशी एक दिवसापुरती पोरं आणू! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पहाटेच पोंतोदला जाऊन बहिणी, मेव्हण्या, व्याही यांची होडीभर पोरं उचलली, वाटेत प्रत्येकाच्या हातात गोड भाताचं सुमान दिलं, गणवेश चढवले आणि बाकांवर बसवली. पुरिंगबाईला यातलं काही आवडलं नव्हतं. ती फक्त म्हणाली, "तेबान, बसवलीस खरी, पण वाचणार कोण?"

साहेब आले. बाकं भरलेली बघून खूश झाले, पुस्तक उघडलं आणि नेमका पहिल्या बाकावरचा ओंदोय उठवला, पोंतोदचा. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "काय रे, परवा मी पोंतोदची शाळा तपासली तेव्हा तू तिथे होतास ना?"

"हो सर," ओंदोय म्हणाला, "आज तेबानकाकांनी आणलं. घरी जाताना अजून एक सुमान देणारेत."

मावशी, दोन्ही बेटांचा साहेब एकच, हे आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात आलं नव्हतं! मी खिडकीबाहेर उभा होतो तो तिथेच खाली बसलो.

पण साहेब मुरलेला माणूस. म्हणाला, आलाच आहेस तर वाच. ओंदोय दुसऱ्याच शब्दाला अडला आणि घामाघूम झाला. तेवढ्यात आमची मायुमी उठली, त्याच्या शेजारी जाऊन बसली, ओळीखाली बोट धरलं आणि हळू आवाजात एकेक अक्षर त्याच्याकडून काढून घेत गेली. कोणी सांगितलं नव्हतं. पुरिंगबाईच्या खोलीत मोठ्याने धाकट्याला असंच शिकवायचं असतं. ओंदोयने परिच्छेद पुरा केला! मग आमचा बिबोय न विचारता उभा राहिला आणि तिसरीचा धडा घडाघडा वाचून बसला. साहेबांनी पुस्तक मिटून ठेवलं. पुरिंगबाई फळ्याकडे तोंड करून डोळे पुसत होती, मीही पुसले, लपवायचं काय त्यात.

जेवताना कोंबडीचा रस्सा वाढून घेत साहेब म्हणाला, "अभ्यासात बोट ठेवायला जागा नाही. असं वाचन मी कुठे ऐकलं नाही. पण नियम आहे. जूनमध्ये शाळा उघडताना पहिलीत आणखी दोन पोरं असली, तर मी शाळेला हात लावत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि तेबान, राहणारी हवीत. उसन्या खुर्च्या नकोत."

असो. पत्र लांबलं. थोरामोठ्यांना नमस्कार, लहानांना पापे.

तुझा,
तेबान

ता. क. मासळीत मीठ जास्त झालंय. पासिंगला कळवू नकोस.

ता. क. दुसरा. दिंदो आणि लिगाया, दोघंच ना? दोन म्हणजे अगदी दोन. त्यांच्या आईबापाच्या दिवसपाळ्या-रात्रपाळ्या चालूच राहणार, आणि तूही तिथे नुसती गुडघा चोळत बसलीयेस. तिघं या. पुरिंगबाईने बाकावर दोघांची नावं रंगवलीसुद्धा (मी तिला सांगितलं की तू हो म्हणालीस).

ता. क. तिसरा. तुम्हाला घ्यायला धक्क्यावर मी स्वतः होडी घेऊन येईन, खाडी शांत असतानाच. पोरांना शाळेसाठी होडीत घालायची माझी तेवढी एकच फेरी होऊ दे, मावशी.