विचारून वापरलेलं कुरण

अपर लिडकम,
६ मे २००३

ती. एव्हिसताईस,
हेडलीचा शि. सा. न. वि. वि.

गुडघा कसा आहे? इकडे सगळे जिवंत आहेत, मिसेस पार्जिटरसुद्धा. नव्या बाकाचं तोंड तळ्याकडे असावं की रस्त्याकडे, यावर पंचायतीच्या तीन सभा खर्ची पडल्या. शेवटी तळ्याकडे ठरलं. बाक सिमेंटात पक्कं बसवल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की मधल्या झुडपामुळे तळं दिसतच नाही. तू तीस वर्षं या पंचायतीची चिटणीस होतीस, तुला नवल वाटायचं नाही.

आता कामाचं. म्हातारे अँब्रोज थेल गेल्याचं मागेच कळवलं होतं. त्यांचा पुतण्या जाइल्स खालचं कुरण विकतोय. तिथे सव्वीस घरं होणार. मुलांचं क्रिकेट, कुत्र्यांचे फेरे, ऑगस्टची जत्रा, सगळ्यावर पाणी पडणार. गाव हे कुरण वीस वर्षं सतत वापरतंय, तेव्हा कायद्याने ते गावाच्या नावे नोंदवा, असा अर्ज मी अध्यक्ष म्हणून ठोकून दिलाय. ९ जुलैला गावच्या सभागृहात सुनावणी आहे. तुला जे आठवतं ते लिहून, सही करून पाठव. तुझ्या शब्दाला इथे अजून वजन आहे.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
हेडली


लॅन्डिड्नो,
१४ मे २००३

चि. हेडलीस,
अ. उ. आ.

अध्यक्षमहाराज, पत्र पोचलं. गुडघा आपल्या जागी आहे, मी माझ्या. तुम्ही झुडूप कापायचं की बाक उखडायचं यावर आणखी तीन सभा घ्याल, हे मी पैजेवर सांगते.

जबानी सोबत आहे. कुरणावर काय काय झालं ते वर्षवार लिहिलंय; एकोणीसशे शहाऐंशीला बँडवाल्यांचा ढोल ओढ्यात गेला तेही. आणि आता बघ तुझ्या बहिणीने काय जपून ठेवलंय! सत्त्याऐंशी साली जत्रेसाठी मी थेलसाहेबांना चिटणीस म्हणून परवानगीचं पत्र लिहिलं होतं. तसं गाव कधीच कुणाला विचारत नसे, पण आईने आपल्याला विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या बागेतलं फूलही तोडू दिलं नाही ना. त्यांचं उत्तर सोबत जोडलंय. एका दिवसाची परवानगी मागितली, तर त्यांनी बाराही महिन्यांची दिली! आता जाइल्सची बोलतीच बंद. काम झालं की पत्र परत पाठव, ते माझं आहे.

आठवण ठेवून असावं, उशीर झाला तरी उत्तर द्यावं.

तुझी,
एव्हिस


अपर लिडकम,
१९ मे २००३

ती. एव्हिसताईस,
शि. सा. न. वि. वि.

खाली बस आणि मग वाच. कायदा असा आहे: वीस वर्षं लोकांनी जागा उघडउघड वापरलेली हवी, पण मालकाची परवानगी न घेता. परवानगी घेतली की सगळं संपलं. मग तो गावाचा हक्क नाही, मालकाचा उपकार. थोडक्यात, कुंपण ओलांडून बिनदिक्कत घुसणाऱ्यांना कुरण मिळतं आणि 'प्लीज' म्हणणाऱ्यांना ठेंगा. मी कायदा केलेला नाही.

आपण सोळा वर्षं थेलसाहेबांच्या लेखी परवानगीने तिथे हुंदडतोय, हे तुझ्या त्या एका कागदावरून सिद्ध होतं. जाइल्सला त्याचा पत्ता नाही. मी तो कुणाला दाखवलेला नाही. पत्र आणि जबानी दोन्ही रजिस्टरने परत करतोय. जबानी नव्याने लिही. जुन्या कागदांचं माणसं जे करतात ते तू तुझ्या कागदाचं केलंस, तर त्यात पंचायतीने नाक खुपसायचं कारण नाही. यापेक्षा जास्त मी लिहिणार नाही.

बाकी क्षेम. माया असू दे.

हेडली


लॅन्डिड्नो,
२ जून २००३

चि. हेडलीस,
अ. उ. आ.

नवी जबानी सोबत आहे. 'कुणी कधीही परवानगी मागितली नाही,' असं त्यात लिहून सही केलीय. आयुष्यात पहिल्यांदा सहीनिशी खोटं लिहिलं. अक्षर वळणदार आलंय.

पत्र जाळलं. या फ्लॅटमध्ये शेकोटी नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या बेसिनमध्ये जाळलं. धुराची घंटा कोकलायला लागली तशी शेजारचे प्रॉदेरो पायात एकच चप्पल घालून धावत आले. पाव करपला म्हणून सांगितलं. पाव कुठे आहे, असं त्यांनी विचारलं नाही, सभ्य माणूस आहे.

तू मोठा हुशार, काय करायचं ते लिहिलं नाहीस आणि करायला मात्र लावलंस. शिवाय थेलसाहेबांच्या पत्राच्या पहिल्या दोन ओळी वाचून तू थेट कायद्यात शिरलास. शेवटचं वाक्य वाचलंच नसणार. म्हणून सांगते. थेलसाहेब मला आवडत होते. भुवया वर करू नकोस, मी अठ्ठावन्नची होते, मेलेली नव्हते. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. ते जत्रेला आले, माझ्या टेबलाशी उभं राहून दोन कप चहा प्याले. तेवढ्यात आईचा निरोप आला की पाठ धरलीय, ताबडतोब ये. मी गेले. संपलं. माझ्यापाशी त्यांचं तेवढं एकच पत्र होतं.

घ्या तुमचं कुरण.

एव्हिस


अपर लिडकम,
२ जून २००३

ती. ताईस,
सा. न.

थांब. पत्राचं काही करू नकोस. दोन आठवडे मी झुडूपछाटणी, नरगिसाचे कंद, कुत्र्यांच्या घाणीची नवी पेटी, सगळ्यात लक्ष घालून पाहिलं, पण मनातून हे जाईना. इथे मी लोकांना गवतावर कागद टाकला म्हणून नोटिसा पाठवतो, आणि माझ्या म्हाताऱ्या बहिणीला काय करायला सांगितलं? लाज वाटते. पत्र माझ्याकडे पाठव, सुनावणी घ्यायला येणाऱ्या तपासनीस बाईंसमोर मी स्वतः ते ठेवीन. कुरण गेलं तर जाऊ दे.

हे पत्र वेळेत पोचू दे एवढीच इच्छा.

हेडली


लॅन्डिड्नो,
५ जून २००३

चि. हेडलीस,
अ. उ. आ.

नाही पोचलं वेळेत. गाढवा, दोन दिवस आधी लाज वाटली असती तर!

ती खोटी जबानी फाडून टाक. काल मी इथल्या वकिलाकडे जाऊन शपथेवर खरी जबानी दिली आणि ती थेट तपासनीस बाईंना पाठवली. कागद जळला, पण मला तो सोळा वर्षं पाठ आहे. जसाच्या तसा लिहून दिलाय: 'मिस टॅपस्कॉट, दरवर्षी विचारत जाऊ नका. मी नाही म्हणेपर्यंत बाराही महिने कुरण गावाने खुशाल वापरावं. जत्रेला मी येईन, चहाच्या टेबलाशी तुम्ही असणार असाल तर.' शेवटच्या वाक्याला कात्री लावायला हात धजला नाही.

पत्र का जाळलं, तर अडगळ आवरताना चुकून, असं लिहिलंय. तुझं नाव घातलेलं नाही. तेवढं एक खोटं मी वर गेल्यावर देवाशी मिटवीन.

राग गेलेला नाही, पण माया आहे.

एव्हिस


अपर लिडकम,
१० जुलै २००३

ती. एव्हिसताईस,
हेडलीचा शि. सा. न. वि. वि.

काल सुनावणी झाली. खुर्च्या कमी पडल्या. तुझी जबानी सगळ्यांच्या कानावर आधीच गेली होती. मिसेस पार्जिटर सकाळीच घरी येऊन बसल्या. मूळ कागद नाही, तेव्हा मी फक्त एवढं म्हणायचं की एव्हिस चौऱ्याहत्तरची झाली, हल्ली तिचा घोळ होतो. कुरण वाचतंय, असं त्या म्हणाल्या. आपल्या वकिलानेही तेच सुचवलं, जरा शुद्ध भाषेत.

तपासनीस बाईंनी तुझी जबानी शेवटच्या वाक्यापर्यंत मोठ्याने वाचली. मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मग बाईंनी मला विचारलं, बहिणीच्या स्मरणशक्तीबद्दल तुमचं काय मत आहे. सगळा गाव माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, पत्र मी स्वतः पाहिलंय, परवानगीचा मजकूर हाच होता, आणि ते चुकून जळलेलं नाही; ते जाळायला तिला मी भाग पाडलं.

निकाल लेखी येईल, पण तो काय येणार हे दाराशी बांधलेल्या कुत्र्यांनाही कळलं. अध्यक्षपदाचा राजीनामा मी तिथेच दिला. दुकानात आज माझ्याशी कुणी बोललं नाही. मुलं कुरणावर खेळत होती, त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

ताई, ते शेवटचं वाक्य तुझ्या पत्रात आलं होतं, पण मला ते काल मोठ्याने ऐकताना पहिल्यांदा कळलं. तू म्हणतेस ते खरं, मी तेव्हा वाचलंच नव्हतं. तू लग्न न करता आईपाशी राहिलीस, आणि इतकी वर्षं मी धरून चाललो होतो की तुला कधी कुणी विचारलंच नसेल.

मला क्षमा कर.

तुझा,
हेडली