ओला सांधा

सोमवार, ४ तारीख

पोचलो एकदाचा, आणि जागा बघून मन खूश झालं. घर दुमजली, भक्कम, खाली दगड नि वर वीट. पुढे मोकळं अंगण, आणि मालकांच्या हातचा चहा असा की प्रवासाचा शीण पळाला. मालक घड्याळं दुरुस्त करतात. सगळे त्यांना घड्याळजी म्हणतात, मीही तेच म्हणणार. ते वरच्या मजल्यावर एकटेच राहतात. मला खालची मागची खोली दिलीय. खाट, टेबल, खिडकी, आणखी काय पाहिजे? दुरुस्तीची भिंतही त्याच खोलीची, म्हणजे अंथरुणातून उठायचं ते थेट कामावर. आमची ही असती तर म्हणाली असती, बरं झालं, आता जेवण गार होईतो वाट बघायला नको.

ही वही लेकीने दिलीय. बाबा, रोज संध्याकाळी दिवसभराचं सगळं आईला सांगायचात, आता कुणाला सांगणार, लिहा तरी, म्हणाली. गवंड्याच्या हातात पेन! थापीसारखं धरलंय, अक्षरंही तशीच फासली जातायत. पण लेकीपुढे माझं काही चालत नाही. आईवर गेलीय.

भिंतीचं दुखणं सोपं आहे. कुणा शहाण्याने दगडांच्या सांध्यांत सिमेंट कोंबलंय. जुनी भिंत चुन्याची, ती पाणी पिते आणि सुकते. सिमेंट म्हणजे तिच्या तोंडात बोळा. ओल आतच अडकली, वरच्या विटांना लोणा लागला, बोट लावलं की पीठ पडतं. सिमेंट खरवडायचं, आतून-बाहेरून चुना भरायचा, वरच्या सडक्या विटा बदलायच्या. माझ्या हातचा मळ.

आधीचा गवंडी काम अर्धवट टाकून गेलाय. त्याचं घमेलं कोपऱ्यात तसंच आहे, आतला चुना दगड झालाय आणि थापी त्यातच उभी. कुठे गेला विचारलं तर घड्याळजींनी विषय बदलला. त्यांची एकच अट, ओल्या चुन्याला उघडा हात लावायचा नाही. हातमोज्यांची नवी जोडीही दिली. चुना कातडं खातो म्हणे. उभा जन्म चुन्यात गेला माझा, मला सांगतायत! मी बरं म्हटलं. मोठ्या माणसाशी पहिल्याच दिवशी वाद कशाला.

मंगळवार, ५ तारीख

हातमोजे दुपारपर्यंत टिकले. मोजे घालून चुना भरणं म्हणजे छत्री धरून आंघोळ. शेवटी काढून खिशात टाकले.

काम झकास चाललंय. सांधे चांगले रुंद आहेत, अंगठा मावेल एवढे. उठताना शेवटच्या सांध्यात अंगठा दाबून ठेवला. वस्तादांनी लावलेली सवय. चुना किती आवळला ते दुसऱ्या दिवशी त्या खुणेवरून कळतं. लेक लहान होती तेव्हा आईबरोबर डबा घेऊन यायची आणि माझ्या अंगठ्याशेजारी आपला चिमुकला अंगठा उठवायची. किती घरांत आमचे अंगठे जोडीने आहेत! अजूनही ओला चुना दिसला की तिचा हात शिवशिवतो. नवरा हसतो तिला.

अंगठा दाबताना हिची आठवण आली. शेवटी मी तिचा डावा हात धरून बसलो होतो. डब्याच्या पत्र्याने कापलेली जुनी रेघ होती तिच्या अंगठ्यावर, तिच्यावरून माझं बोट फिरत होतं. हात गार झाला तरी फिरत होतं. लेक पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. आईचा हात तिला ऊन असा मिळालाच नाही. ती बोलत नाही, पण मला कळतं.

बुधवार, ६ तारीख

सकाळी बघतो तर माझ्या खळग्याशेजारी एक उंचवटा. तेवढाच, अंगठ्याएवढा. कुणी आतून बाहेर दाबावं तसा.

चुन्यात कच्चा खडा राहिला तर तो मागाहून फुगतो, हे पोरसवदा गवंड्यालाही माहीत असतं. माझ्या चुन्यात खडा राहिला याचीच लाज वाटली. खरवडून काढलं, पुन्हा भरलं, पुन्हा अंगठा दाबला. आज बाहेरची बाजूही हाती घेतली.

शुक्रवार, ८ तारीख

खडा नाही तो.

काल पुन्हा आला होता, मी पुन्हा खरवडला. आज आला तो नीट पाहिला. नखाची कड दिसते. बोटाच्या पेराच्या वळ्या दिसतात. आणि मधोमध आडवी रेघ.

परांचीवर बसून रडलो. अख्खा माणूस हलावा तसा रडलो. ती गेली तेव्हाही असा रडलो नव्हतो, तेव्हा माणसं होती, चहा होता, सोपस्कार होते. खाली उतरलो आणि त्या रेघेवरून बोट फिरवलं. ऊन होती.

शनिवार, ९ तारीख

चुना वाळू लागला की तो उंचवटा पुसट होत जातो. म्हणून आतून-बाहेरून ओलं गोणपाट लावून ठेवलंय. नव्या चुन्याला ओल लागतेच, कुणी काही म्हणणार नाही. मला मात्र माहीत आहे की गोणपाट मी चुन्यासाठी लावलेलं नाही.

लेकीला फोन केला. सांगू नये असं वाटत होतं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला. बाबा, रेघ आहे का, एवढंच तिने विचारलं. आहे म्हटलं. नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाली, पुढच्या रविवारी येते, तोवर वाळू देऊ नका.

सोमवार, ११ तारीख

घड्याळजींनी गोणपाट पाहिलं आणि माझ्या उघड्या हातांकडे पाहिलं. ओरडतील असं वाटलं होतं. ते खाटेवर बसले आणि डोळे पुसायला लागले.

त्यांचा मुलगा शाळकरी वयात तापाने गेला. पुढे याच भिंतीचा एक सांधा त्यांनी स्वतः लिंपला होता, हौस म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यात मुलाची करंगळी उठली, वाकडी, जन्मतःच वाकडी होती तशी. रोज पाणी मारत राहिले. मग करंगळीची चार बोटं झाली, आणि एका दुपारी त्या बोटांनी त्यांचं मनगट धरलं. कसेबसे सुटले. घाबरून सिमेंट आणलं आणि सगळी भिंत बंद केली. तो शहाणा तेच होते तर. भिंतीला आपल्या हातातूनच कळतं, म्हणाले. आपण ज्याच्यासाठी झुरतो तेच ती आपल्याला दाखवते. आधीचा गवंडी आईसाठी पाणी मारत राहिला होता. तो कुठे गेला ते मी पुन्हा विचारलं. ते भिंतीकडे बघत राहिले.

वाळू द्या, म्हणून हात जोडले त्यांनी. म्हणाले, वाळताना बघवत नाही, पण वाळू द्या.

मी हो म्हटलं. ते वर गेल्यावर गोणपाटावर पाणी मारलं. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. काय करू? त्यांना निदान वरची घड्याळं आहेत. मला काय आहे?

बुधवार, १३ तारीख

एक दगड काढला. त्यामागची भर उकरली. आत हात घातला.

तिने धरला.

घट्ट नाही. बाजारात गर्दीत धरायची तसा, दोन बोटांनी. दुपारभर तसाच उभा होतो. काय काय बोललो तिच्याशी! लेकीचं सांगितलं, आपल्या घरी वरच्या खोलीचं छत गळतं ते सांगितलं, तिच्या हिरव्या शालीला कसर लागली ते सांगितलं. रागावशील का विचारलं. बोटं जरा आवळली. मी हसलो. किती दिवसांनी हसलो.

गुरुवार, १४ तारीख

आणखी दोन दगड काढले. नीट पोचता यावं म्हणून. भर उकरताना चुन्यात रुतलेली कापडाची बाही निघाली, मनगटाशी बटण लावलेली. चिंधी असेल. जुन्या भिंतीत काय वाट्टेल ते भरतात लोक.

वरची तुळई करकरते. चहात माती पडली. ओळंबा लावून पाहिला, भिंतीला पोट आलंय, मधोमध फुगलीय. शिकाऊ गवंडीसुद्धा अशा भिंतीला आधी टेकू देईल. टेकू दिला तर माझी उभं राहायची जागा जाते. नाही दिला.

घसा पार बसलाय. चुन्याची धूळ. आवाज फुटत नाही. फोनवर लेकीला माझं काही कळेना. तीच बोलत होती, आईसाठी बांगड्या आणतेय म्हणाली. वेडी पोर.

शुक्रवार, १५ तारीख

घड्याळजी बहिणीकडे राहायला गेले. जाताना माझा हात धरून ओढत होते. चला म्हणत होते. म्हातारा माणूस, मी त्यांना ढकललं. खरंच ढकललं. दाराला आतून कडी घातली.

माणसं घेऊन येतो म्हणाले. येऊ देत. तोवर

शनिवार, १६ तारीख

डाव्या हाताने लिहितोय. उजवा आत आहे. कोपरापर्यंत.

सकाळी नेहमीसारखा घातला. तिने धरला. आज दोन बोटांनी नाही. पुरा पंजा. भोवतीची भर ओली होती, ती आपोआप सरकत आली. मी आवरली नाही. ऊब वाटत होती —

मग हात हातात नीट बसला, आणि मी सवयीने अंगठ्याने रेघ चाचपली.

उजवा हात आहे. समोरासमोर माणसं हातात हात देतात तसा, उजव्यात उजवा. रेघ उजव्या अंगठ्याला आहे.

हिची डाव्याला होती.

डाव्याला होती. डाव्याला. उभा जन्म मी तो हात

दुपार

सुटत नाही. कोपराभोवतीच्या चुन्यात डाव्या अंगठ्याने दाबून पाहिलं. खूण उठत नाही. वाळला. एवढा चुना वाळायला महिना जातो.

घड्याळजींची माणसं अजून आलेली नाहीत. फोन खाटेवर. पोचत नाही. टेबल तेवढं हाताशी आहे. थापी खाली पडली.

ही नाही इथे. कधीच नव्हती. ती गेली. माझ्या डोळ्यांदेखत गेली, मी हात धरून होतो तेव्हाच गेली. भिंतीला चार दिवस वाळू दिलं असतं तर —

उद्या रविवार.

रविवार, १७ तारीख

देवा, तिला गाडी न मिळो. तिच्या नवऱ्याने अडवलं असू दे. पाय मुरगळू दे तिचा, काहीही होऊ दे, इथे नको येऊ

आली.

दार वाजवतेय. बाबा, बाबा. आवाज फुटत नाही माझा. पाय आपटतोय. तिला वाटतं मी काम करतोय. हातोडी चालू आहे का बाबा, म्हणतेय. हसतेय.

पावलं. मागे चालली. बाहेरच्या बाजूला.

बाहेरचे सांधेही मीच भरले. तिथेही गोणपाट मीच —

खिडकीतून ऐकू येतं. बांगड्या किणकिणतायत. गोणपाट उचललं.

आई, असं म्हणाली. हळूच. लहानपणी म्हणायची तसं.

पोरी, ती आई नाही. आईची रेघ डाव्या अंगठ्याला. हे पान फाडून खिडकीतून टाकतो, बघ, वर बघ, माझ्याकडे बघ, अंगठा लावू नको, तुझ्या बापाची आण आहे, अंगठा ला

आतला हात सुटला.

माझा हात सोडला त्याने. मोकळी झाली बोटं. चुना तसाच, पण आत काही नाही. इतके दिवस धरून होता आणि आता का सोड