कोणाला दिसत नाही ती जागा

२७ एप्रिल, रविवार. सकाळी ७.
आजपासून सुरुवात. संकल्प : बायकोची, मधुवंतीची, बुलेट नव्यासारखी करून तिच्या हातात किल्ली द्यायची. २३ जूनला गाडीला पंधरा वर्षं होतात, आरसी संपते. त्याआधी आरटीओत दाखवून पास करून घेतली तर पुढे रस्त्यावर, नाहीतर भंगारात.
आजचा सोडून हातात आठ रविवार. रंग काढणे : २. नवा रंग : १. जोडणी : १. उरलेले चार आराम.
मेकॅनिकने इंजिन, टाकी, चाकं काढून दिली. आता मागच्या अंगणात दोन स्टुलांवर नुसती चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा. काम किरकोळ आहे.

१०.३०. सासूबाई (सिंधूताई, सध्या आमच्याकडेच असतात) मागच्या दारात खुर्ची टाकून बसल्या. म्हणाल्या, जवाईबापू, याच गाडीवर मधूनं मले पहिल्या दिवशी रामटेकले नेलं होतं. तयार झाली का मले पुन्हा बसाचं हाय. मी म्हटलं, जूनमध्ये नक्की.
बोलून गेलो.

४ मे, रविवार.
पेंट रिमूव्हर लावला. डब्यावर लिहिलंय, पंधरा मिनिटांत रंग फुगून येतो. ४४ डिग्रीत रिमूव्हर स्वतःच सात मिनिटांत वाळला. रंग जिथल्या तिथे, वर रिमूव्हरचा एक थर जास्त.
मधू ऑफिसातून फोनवर विचारत होती (कृषी सहायक, रविवारीही शिबिर), किती निघाला? मी म्हटलं, प्रोसेस सुरू आहे.
दोष रिमूव्हरचा नाही. हा साधा रंग नाही, पावडर कोट आहे. पावडर मारून भट्टीत भाजलेला. सहजी सुटत नाही. वर काळा पावडर कोट, त्याखाली कंपनीचा मूळ मरून.
तो पावडर कोट २०१६ साली मीच करून आणला होता. मधूच्या वाढदिवसाला सरप्राइज. तिला मरून आवडायचा.

११ मे, रविवार.
उन्हावर उपाय सापडला. चेसिस कूलरच्या मागे सावलीत ओढली. गार हवा, ओलावा, रिमूव्हर वाळत नाही. वरून पॉलिथिन गुंडाळलं. हे डोकं ऑफिसात कोणाला दिसत नाही.

दुपारी १.
कूलर बाहेरची हवा आत ओढतो, हे लक्षात राहिलं नव्हतं. रिमूव्हरचा सगळा वास घरात. सासूबाई झोपल्या होत्या त्या खोकत उठल्या, डोळ्यांतून पाणी. मधूने कूलर बंद केला, दारं उघडली, आईला शेजारी प्रेमानंदच्या घरी नेऊन बसवलं. परत येऊन रिमूव्हरच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.
प्रेमानंद हिंगण्याला एमआयडीसीत सँडब्लास्टिंगच्या शेडमध्ये कामाला आहे. येऊन चेसिस पाहिली. म्हणाला, भाऊ, काहून जीव देऊन राहिले? मले द्या, पाऊण घंट्यात वाळूनं साफ करून देतो. मी म्हटलं, हे मला हातानं करायचं आहे. तो म्हणाला, करा, पण चेसिस नंबर पहिले शोधा अन् त्याच्यावर टेप मारा. पावडर कोटाखाली बुजला असन.
मान हलवली. नंबर कुठे असतो ते विचारलं नाही. विचारलं असतं तर मला माहीत नाही असं वाटलं असतं.

१५ मे, गुरुवार.
ही वही माझ्याशिवाय कोणी वाचत नाही, म्हणून लिहून ठेवतो.
गाडी बिघडलेली नव्हती.
लग्नानंतर मी ती दोन वर्षं चालवली. मित्रांसमोर मला किक लागायची नाही. दहा-दहा किका, मग घाम. मधू यायची, स्कूटरला मारावी तशी एक मारायची, आणि गाडी सुरू. सगळे हसायचे. मीही हसायचो. एके दिवशी प्लग खराब झाला. मी घरी सांगितलं, इंजिनच गेलं. ताडपत्री टाकली. पुढे पावडर कोट करून आणला, पुन्हा ताडपत्री. ती अजून विचारायची, मी म्हणायचो, पार्ट मिळत नाही. मग तिनं विचारणं सोडलं.
नऊ वर्षं ती गावोगावी बसनं आणि कोणाच्या तरी मागे बसून फिरते.
म्हणून हातानं करायचं आहे. प्रेमानंदच्या वाळूनं ते फिटणार नाही.
हे लिहून हलकं वाटलं. म्हणजे अर्धं काम झालंच.

१८ मे, रविवार.
सराट्यानं, म्हणजे उलथण्यानं, खरवडलं. स्वयंपाकघरातला, पण जुना.
सराटा जुना नव्हता.
निघालेला भाग : सीटखालचा एक वीतभर. मधूने पाहिला. कोपऱ्यात मरून दिसत होता. तिनं त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, हा अजून आहे? मला इतकं अपराधी वाटलं की चहा न पिता ऑफिसच्या फायली काढून बसलो. रविवारी.

२५ मे, रविवार. सकाळी ८.
लोखंड घासायचा ग्राइंडर आणला. आता यंत्रयुग. पुस्तिकेत लिहिलंय, आधी कोणाला दिसत नाही अशा जागेवर चाचणी घ्या. हे शहाण्या माणसाचं लिखाण आहे. चेसिस फिरवून फिरवून पाहिली. पुढचं हँडल ज्या जाड नळीत बसतं, तिच्या उजव्या बाजूला, खालून वाकल्याशिवाय दिसत नाही अशी जागा सापडली.

८.२०. अप्रतिम! काळा गेला, मरून गेला, लखलखीत लोखंड. आरशासारखं. मध्ये काही खरखरीत खड्डे-ओरखडे होते, तेही काढून टाकले. हात चांगला बसला आहे.
सासूबाईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. म्हणाल्या, चेहरा दिसून राहिला याच्यात.

२६ मे, सोमवार.
मधूने सहज विचारलं, चेसिस नंबर कुठे असतो रे, फॉर्मवर लिहायचा आहे. मी मोबाइलवर शोधलं.
हँडलची नळी. उजवी बाजू.
कूलरमध्ये पाणी भरलं.

२७ मे.
कूलरमध्ये पाणी भरलं.

१ जून, रविवार.
प्रेमानंदला आडून विचारलं. ऑफिसातल्या एका मित्राने चुकून नंबर घासला तर काय होतं? प्रेमानंद चहा पीत होता, थांबला. म्हणाला, नंबर नाही म्हणजे गाडी चोरीची समजतीन. पोलिसांचा कागद, तपासणी, मग आरटीओची परवानगी आली तर नवा नंबर ठोकतीन. वर्ष बी लागते. अन् घरी ठोकला तर सीधा अंदर. मी म्हटलं, मित्राला सांगतो. तो म्हणाला, भाऊ, मित्राले म्हणा, वहिनीले आजच सांग. उद्याले जास्त जड जाईन.
मित्राला बायको आहे हे मी बोललो नव्हतो.
निश्चय : आज सांगायचं.
सासूबाईंचे गुडघे दुखत होते. आज नको.

८ जून, रविवार.
निश्चय : आज सांगायचं.
मधू सुट्टी असूनही सकाळी सहाला उठली, जुना पंजाबी ड्रेस घालून माझ्यासोबत खरवडायला बसली. मागचा सगळा भाग तिनं काढला. माझ्यापेक्षा दुप्पट. मध्येच म्हणाली, मरूनच मारू, तोच शेड मिळतो, मी पाहून आली. गुणगुणत होती. नऊ वर्षांत मी तिला काम करताना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. की ऐकलं नव्हतं असं नाही, लक्ष दिलं नव्हतं.
तिचा हात हँडलच्या नळीकडे गेला की मी पुढे होऊन म्हणायचो, हे माझं झालंय, तू मागचं बघ.
अशा वेळी सांगून कोणाचा रविवार बिघडवावा?

१४ जून, शनिवार.
आरटीओच्या एजंटने मधूला सांगितलं, २३च्या आत अर्ज तरी भरू, गाडी नंतर दाखवू; चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासायची, नंबर उमटतो, तो छाप आणून द्या. ती म्हणाली, काढून दे ना. मी म्हटलं, पेन्सिल नाही घरात.
मंगळवारी ती पेन्सिल घेऊन आली. मी म्हटलं, ही एचबी आहे, टूबी लागते.
हे मी खरंच बोललो.

(वरचं आज, १८ तारखेला लिहिलं. बुधवार. टूबीसुद्धा आली आहे.)

२२ जून, रविवार.
मी अंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो तर मधू मागे जमिनीवर बसलेली, चेसिसच्या मानेखाली वाकून. पांढरा कागद नळीवर धरून पेन्सिल घासत होती. सासूबाई खुर्चीत, वाट बघत.
कागद पूर्ण काळा झाला. एकसारखा. मधे एक रेघसुद्धा पांढरी नाही. तिनं दुसरा कागद घेतला. तोही तसाच. मग तिनं बोटानं ती जागा चाचपली.
सासूबाई म्हणाल्या, मधू, नाही उमटून राहिला का वं?
मी सांगितलं. चाचणी, पुस्तिका, कोणाला दिसत नाही ती जागा. मग थांबता येईना, म्हणून बाकीचंही सांगितलं. प्लग, ताडपत्री, पार्ट मिळत नाही, सगळं. पायावर साबण वाळला होता.
मधू म्हणाली, प्लगचं मला माहीत आहे. तू तीन दिवस टूरला गेला होता तेव्हा मी बदलला होता. एका किकला सुरू झाली होती. मग ताडपत्री होती तशी टाकली.
मी विचारलं, मग बोलली काहून नाही?
म्हणाली, तू सांगशील म्हणून थांबली होती.
मग ती उठली, हात झटकले, त्या चकचकीत जागेकडे पाहून म्हणाली, साऱ्या चेसिसमधी एवढी एकच जागा तू पूर्ण केली.

२३ जून, सोमवार. सकाळी ६.४०.
मधूने रजा टाकली. प्रेमानंदची बुलेट मागून आणली. सासूबाईंना मागे बसवलं, त्यांच्या कमरेला ओढणी बांधून घेतली. रामटेकला निघाल्या. सासूबाईंनी विचारलं, जवाईबापू, तुम्ही नाही येत? मी म्हटलं, मला जरा काम आहे.
एका किकला सुरू झाली.
दोन्ही काळे कागद वहीत ठेवले आहेत. पोलिसांचा तो कागद करायचाय; पोलीस स्टेशन दहाला उघडं असतं का ते प्रेमानंदला विचारायला गेलो. तो म्हणाला, भाऊ, पोलीस स्टेशन बंद कधी असते?