दारावरचा कडुलिंब

अणदूर, शुक्रवार संध्याकाळ, आषाढ १९५७

लेक कुसुम मोकळी झाली. मुलगी. दोघी सुखरूप आहेत. आता कुठं लिहायला बसले.

फ्लूचा ताप गावात घरोघर. सरकारी नर्सही तापानं पडलेली, म्हणून सगळी भिस्त गजराबाई सुइणीवर. आणि तीच दुपारी गल्लीच्या तोंडावरनं माघारी फिरली. का, तर आमच्या दारावर कडुलिंबाचा डहाळा. ताप आत येऊ नये म्हणून सकाळी मीच लावलेला. पण ताप असलेल्या घरावरही लोक तोच लावतात, हे मला कसं सुचलं नाही? आत लेकीला कळा येतायत आणि मी अनवाणी गजराबाईच्या मागं पळतेय.

“आत ताप न्हाय, तर लिंब कशाला लावला वो? माझ्या बाकीच्या बाळंतिणींच्या घरी ताप न्यायचा व्हय म्या?”

बोलली ते खरंच होतं. मी डहाळा ओढून काढला, मगच ती उंबरा ओलांडून आली.

सगळं आटोपून, हात धुऊन निघाली, तेव्हा डहाळा अंगणात पडला होता. तिनंच तो उचलला, झटकला आणि दाराला खोचला.

“आता असू द्या. आता कुणी आत यायचं न्हाय.”