तांदळाच्या डब्यातलं पर्सिमन

अहो,

आज सोमवार, मी सिद्धेश्वराला जाऊन येते. आपल्या झाडाचं यंदाचं पहिलं पर्सिमन देवासाठी नेलंय. दुसरं तांदळाच्या डब्यात पिकत घातलं होतं, ते ताटलीत काढून ठेवलंय. भाकरी फडक्यात आहे, आधी जेवा.

फळ आता टोमॅटोसारखं मऊ झालंय, भिऊ नका. गेल्या वर्षी तुम्ही कच्चंच चावलंत, तोंड आवळलं, आणि हे झाड लावलं म्हणून आपल्या लेकाला, गुरूला नको ते बोललात. तेव्हापासून तुम्ही बापलेक माझ्यामार्फतच बोलताय की.

चमच्यानं खा. अर्धं मला ठेवा, संध्याकाळी त्यावरच उपास सोडीन.

गोड लागलं तर पुण्याला गुरूला फोन तुम्हीच करा. तुरट लागलं तर मला सांगा.

– शिवलीला