सिमारांचा हात

आईला,

आम्ही तिघं बरे आहोत, हे आधी वाच आणि मग बाकीचं.

मार्गो आता उशीला टेकून बसते. तुझा ब्लूबेरीचा मुरंबा आम्ही मायलेकींनी चाटूनपुसून संपवला. यानिक रोज संध्याकाळी कामावरून आला की लेकीचे पाय चोळून देतो.

दर पत्रात विचारतेस, मार्गोला भावंड कधी? म्हणून लिहिते. तिचा स्नायूंचा आजार माझ्याकडून आलाय. डॉक्टरीणबाईंनी मला मूठ आवळून पटकन उघडायला सांगितली, तर बोटं उघडेनात. "माहेरी कुणाचं असं होतं?" त्यांनी विचारलं. मला तूच आठवलीस. चर्चमध्ये पाद्रीबाबांशी हात मिळवलास की तो सुटायचा नाही, आणि आपले बाबा तुझ्या माहेरावरून चिडवायचे, "सिमारांच्या पोरीने हात धरला की सुटका नाही!" सगळे हसायचे. मीही.

पुढच्या मुलाला होण्याची शक्यता निम्मी, आणि पिढीगणिक तो आजार वाढत जातो म्हणे. यानिक म्हणतो, "तपासण्या करून बघू." मी दमलेय गं. सध्या नाही म्हटलंय.

तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. धाकट्या लीझचं लग्न ठरलंय, तिला मात्र तपासून घ्यायला सांग. किटलीचा दांडा सुटतो का गं तुझ्या हातून लगेच?

ईस्टरला येतोय. गेल्या वेळी बसपाशी तू माझा हात सोडेनास, तेव्हा मी वैतागून ओढून घेतला होता. या वेळी सावकाश सोड. मी थांबेन.

तुझी थोरली,
नोएमी